विश्वाच्या बाल्यावस्थेचा शोध

विश्व आरंभीं कसें होतें, हा प्रश्न लहान मुलेंही विचारतात आणि त्याचें उत्तर देतांना विद्वानही अडखळतात. न्यायशास्त्रानें ज्ञानसाधनांत प्रत्यक्षास पहिलें स्थान दिलें आहे. परंतु येथें प्रत्यक्षाची धांव अपुरी पडते. विश्वाचें वय सुमारें १,३८० कोटी वर्षें आहे. दूरचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास काळ लागतो, म्हणून दुर्बिणींतून दूर पाहणें म्हणजे भूतकाळच पाहणें होय. तथापि पहिलीं सुमारें ३ लक्ष ८० हजार वर्षें विश्व इतकें तप्त होतें कीं, प्रकाशास त्यांतून सरळ मार्गच नव्हता. त्या पडद्यापलीकडचा प्रकाश कोणत्याही दुर्बिणीस दिसणें शक्य नाहीं.

मग पलीकडचें कळावें कसें? ती अवस्थाच अल्प प्रमाणांत पुन्हा घडवून पाहावी, हा उपाय शास्त्रज्ञांनीं योजिला. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनिव्हानजीक, 'सर्न' या संस्थेनें जमिनीखालीं सुमारें १०० मीटर खोल, २७ किलोमीटर परिघाचें वर्तुळाकार यंत्र उभारलें. तें २००८ सालीं प्रथम सुरू झालें. विद्युत्क्षेत्रानें कणांस वेग द्यावयाचा व चुंबकांनीं त्यांस वळवीत ठेवावयाचें, हें त्याचें तत्त्व. ते चुंबक उणे २७१ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागतात, आणि प्रोटॉन कण सेकंदास ११ हजारांहून अधिक फेऱ्या घालतो.

२०१० सालीं येथें शिशाच्या अणुगर्भांची परस्परांशीं टक्कर घडविण्यांत आली. टकरीच्या जागीं तापमान सूर्यगर्भाच्या लाखपटीहून अधिक होतें; प्रोटॉन व न्यूट्रॉन वितळून त्यांचे घटक, क्वार्क व ग्लुऑन, मोकळे होतात. विश्वाच्या पहिल्या कांहीं मायक्रोसेकंदांत द्रव्य याच अवस्थेंत होतें, असें शास्त्रज्ञ मानतात. ही अवस्था वायूसारखी असावी, अशी पुष्कळांची अटकळ होती. परंतु अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील प्रयोगांवरून २००५ सालीं जाहीर झालें कीं, ती जवळजवळ घर्षणरहित द्रवासारखी वाहते. जिनिव्हासही पुढें तसेंच आढळलें. अनुमानास प्रयोगाची कसोटी कां हवी, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

या यंत्रानें पृथ्वीचा नाश होईल, अशी भीति २००८ सालीं पसरली होती. ती निराधार होती. याहून अधिक ऊर्जेचे विश्वकिरण कोट्यवधि वर्षें पृथ्वीवर आदळत आले आहेत आणि पृथ्वी जागच्या जागीं आहे. येथें नवें विश्व निर्माण होतें, हेंही खरें नव्हे. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी अणुगर्भाएवढ्या थेंबावरून आद्य विश्वाची परीक्षा होते, इतकेंच.

एक कोडें मात्र शिल्लक आहे. आरंभीं द्रव्य व प्रतिद्रव्य समप्रमाणांत उत्पन्न झालें असेल, तर दोहोंनीं परस्परांचा नाश करून टाकावयास हवा होता. मग आपण उरलों कसे? भारत २०१७ सालीं सर्नचा सहयोगी सदस्य झाला, व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञही तेथील प्रयोगांत सहभागी आहेत. आपल्या घरांतील एखादा मुलगा वा मुलगी उद्यां या कोड्यामागें लागली, तर वडील मंडळींनीं तिला 'याचा उपयोग काय?' असें विचारून नाउमेद करूं नये, इतकीच आमची विनंती आहे.