रात्रीच्या पाळीला कोण बसणार?

लॉकडाऊन, त्यात चक्रीवादळ, आणि घरात शेवटच्या टप्प्यातला पेशंट. 2020 मध्ये आगरदांड्यात पाच जणांनी मिळून एका घराला सोबत केली. हॉस्पिस, पॅलिएटिव्ह केअर हे शब्द त्यातल्या फक्त एकीला माहीत होते!

आगरदांडा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना काय आठवतं? फेरीबोट! मुरूडचा बीच झाला, जंजिरा झाला, आता गाडी बोटीवर चढवायची, पलीकडे दिघीला उतरायचं आणि दिवेआगर-श्रीवर्धन गाठायचं. जेटीवर एक चहा, रेलिंगला टेकून एक फोटो, की झालं आपलं आगरदांडा. तिथे राहणारी माणसं, त्यांची दुखणीखुपणी, त्यांचा दवाखाना... हे सगळं वीकेंडच्या प्लॅनमध्ये बसत नाही.

माझं हे आजोळ. मार्च 2020 मध्ये चार दिवसांसाठी आले आणि लॅपटॉपसकट अडकले. फेरीबोट बंद, एसटी बंद, जेटीवर शुकशुकाट. शहरातले मित्रमैत्रिणी डालगोना कॉफीचे फोटो टाकत होते. आमच्या शेजारच्या घरात मात्र वेगळंच काहीतरी सुरू होतं.

‘घरी न्या’ म्हणजे नेमकं काय?

शेजारच्या काकांना पोटाचा कॅन्सर. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलने लॉकडाऊनच्या थोडं आधी सांगितलं, ‘आता केमो नको, घरी न्या.’ सोबत महिनाभराच्या मॉर्फिनच्या गोळ्या आणि एक फाईल दिली. काकूंना वाटलं, म्हणजे आता करण्यासारखं काही उरलंच नाही.

खरं तर करण्यासारखं भरपूर असतं. आजार बरा होणार नाही हे ठरल्यावर दुखणं, धाप, उलट्या, झोप, भीती आणि घरच्यांची दमछाक या सगळ्याकडे बघायचं, यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं आणि या कामाला आजचं रूप आलं. त्या आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर आणि नंतर डॉक्टर झाल्या. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस कुठलं, माहितीये? आपल्या वांद्र्यातलं! माउंट मेरीच्या टेकडीवर 1986 मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. तिथे पेशंटसोबत घरच्या माणसाला राहता येतं आणि पैसे घेत नाहीत. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा पॅलिएटिव्ह मेडिसिन विभागही जुना. देशातली या विषयातली पहिली एमडीची पदवी 2012 मध्ये तिथेच सुरू झाली.

म्हणजे सोय आहे, पण बहुतेक मोठ्या शहरांत. आगरदांड्याहून अलिबागच पन्नास-साठ किलोमीटर. तिथून पुढे मुंबई.

कायदा कडक, गोळी दुर्मिळ

मॉर्फिन अफूपासून बनतं. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. तरीही आपल्याच पेशंटना मॉर्फिन मिळणं मुश्कील! 1985 मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. त्यातल्या शिक्षा आणि परवान्यांचा असा धसका बसला, की पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. दुकानदार ठेवेनात, डॉक्टर लिहिनात. एक अख्खी पिढी मॉर्फिन न हाताळताच डॉक्टर झाली. 2014 मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी नियम सोपे झाले, पण धसका काही एका दिवसात जात नाही.

त्यात कोविड. 25 मार्च 2020 ला केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले. डॉक्टरांना फोनवर, व्हिडीओवर पेशंट बघायची मुभा मिळाली. मोठीच सोय होती ती. पण एनडीपीएस कायद्याखालची औषधं फोनवर लिहून द्यायला त्यात मनाई. म्हणजे डॉक्टर व्हिडीओवर काकांचं कळवळणं बघू शकत होते, पण ते थांबवणारी गोळी लिहून देऊ शकत नव्हते. त्यासाठी कागद घेऊन कोणीतरी मुंबईलाच जायला हवं होतं आणि एप्रिलच्या शेवटी गोळ्या संपत आल्या होत्या.

टीम आगरदांडा

टीम म्हणजे काय, पाच माणसं. मुंबईच्या हॉस्पिटलातून रिटायर होऊन गावी परतलेल्या एक नर्सबाई. आशाताई, ज्यांना आधीच कोविडच्या घरोघरच्या सर्व्हेने जेरीस आणलं होतं. धंदा बसलेला एक मिनीडोरवाला दादा. कॉलेज बंद म्हणून घरी आलेला एक मुलगा. आणि मी. पाचच, कारण नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘रोज नवीन माणूस घरात शिरायचा नाही. ठरलेले पाच. मास्क लावायचा, खिडकी उघडी ठेवायची, एका वेळी एकच जण.’

मी सवयीने एक्सेल शीट केली. ड्यूटी, औषधं, फोन नंबर, सगळं कलर कोडेड! आशाताईंनी ती मोबाईलवर दोन बोटांनी मोठी करकरून बघितली आणि म्हणाल्या, ‘बाय, काकूला हे दिसायचं कसं?’ मग त्यांनी जुन्या कालनिर्णयचं पान उलटं करून भिंतीला लावलं. स्केचपेनने मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहाला डबल. डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहिलं होतं तेच. रात्रीचा डोस मोठा असला की पेशंटला मध्यरात्री उठवावं लागत नाही. शेजारी जुलाबाच्या औषधाची वेळ, कारण मॉर्फिनने पोट हमखास धरतं.

नर्सबाईंनी आम्हाला शिकवलं ते ऐकायला किरकोळ वाटेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. खाणं बंद झालं तरी तोंड कोरडं पडू द्यायचं नाही, ओल्या कापसाने ओठ, जीभ पुसायची. जबरदस्तीने भरवायचं नाही. ‘बरे व्हाल हो काका’ असलं खोटं बोलायचं नाही. ते काही विचारतील तर ऐकायचं, उत्तर नसेल तर गप्प बसायचं. गोळ्या मात्र काकू किंवा त्या स्वतःच देणार, बाकी कोणी हात लावायचा नाही.

सगळ्यात कठीण होती ती रात्र. काकूंना किती रात्रींची झोप नव्हती कोण जाणे. आम्ही पाळ्या लावल्या, रात्री अकरा ते पहाटे पाच. पहिल्या रात्री मिनीडोरवाला दादा बसला. काकू सलग पाच तास झोपल्या. सकाळी उठून त्या रडल्या. इतकी गाढ झोप लागली, याचीच त्यांना लाज वाटली होती. सोबत करणाऱ्यांनी ही लाजही सांभाळायची असते, हे तेव्हा कळलं.

मुलगा शाळेत, बाप घरात

मे महिन्यात काकांचा मुलगा पोलिसांचा पास काढून, गावातल्या एकाच्या ओम्नीतून मुंबईला गेला आणि महिनाभराच्या गोळ्या घेऊन परत आला. पण मुंबईहून आलेला माणूस म्हणजे तेव्हा किती भीती होती, आठवून बघा! चौदा दिवस क्वारंटाइन, गावातल्या शाळेत. गोळ्यांची पिशवी त्याने कठड्यावर ठेवली आणि लांब उभा राहिला. आशाताईंनी ती उचलली.

बाप घरी शेवटचे दिवस मोजतोय आणि मुलगा तीनशे पावलांवर बाकावर झोपतोय! मग कॉलेजच्या मुलाने रोज संध्याकाळी व्हिडीओ कॉल लावायचं काम घेतलं. काकांना बोलवत नसे. मुलगा तिकडून दिवसाचा हिशेब सांगायचा. आज डाळभात होता, आज खेकडा दिसला अंगणात. काका मान हलवायचे. चौदा दिवसांनी तो घरी आला तेव्हा त्याला पहिल्या रात्री एकट्याला बसू दिलं. पाळी त्याची होती.

हे एका गावाचं झालं. पण त्या वर्षी जगभर हेच चाललं होतं. हॉस्पिसांनी भेटींवर बंधनं आणली, हजारो व्हॉलंटिअर्सना घरी बसावं लागलं. ज्यांचं कामच हात धरून बसणं, त्यांना फोनवर बसावं लागलं.

3 जून

गोळ्या आल्या, मुलगा आला, आता निभावेल असं वाटत होतं, तेवढ्यात निसर्ग! 3 जून 2020 ला दुपारी हे चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर-एकशे वीस किलोमीटरचा वारा. मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आदल्या संध्याकाळीच आम्ही काकांना गादीसकट उचलून मागच्या स्लॅबच्या घरात हलवलं होतं. ते घर दुसऱ्यांचं. पण त्या बाईंनी न विचारता पलंग रिकामा करून ठेवला होता. काकांच्या घराची निम्मी कौलं त्या दुपारी गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. डॉक्टरांचा फोन बंद, माझी एक्सेल शीट बंद. भिंतीवरचं ते कालनिर्णयचं पान तेवढं आशाताईंनी घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं होतं. कंदिलाच्या उजेडात त्याच वेळांवर गोळ्या चालू राहिल्या.

काका जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. पहाटे, पावसात, काकू आणि मुलगा जवळ असताना. दुखणं आटोक्यात होतं. अंत्यविधीला वीस माणसांचीच परवानगी होती. एरवी अख्खं गाव लोटलं असतं. म्हणून आमची टीम त्या दिवशी बरखास्त झाली नाही. पुढचा महिनाभर रोज एक जण काकूंकडे जाऊन बसत होता. पॅलिएटिव्ह केअरमध्ये पेशंट गेल्यावरही घरच्यांची सोबत सुटत नाही. हे काम करणारे त्याला कामाचाच भाग मानतात.

केरळला जमतं, आपल्याला?

असं काम योगायोगावर सोडायचं नाही, हे केरळने दाखवलंय. कोझिकोडला 1993 मध्ये डॉक्टरांनी सुरुवात केली. 1999 नंतर मलप्पुरम आणि आजूबाजूला ‘नेबरहूड नेटवर्क’ उभं राहिलं. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच आपल्या वस्तीतले पेशंट शोधायचे, थोडा थोडा पैसा गोळा करायचा आणि डॉक्टर-नर्सना मदतीला घ्यायचं. व्हॉलंटिअरला सोळा तासांचं ट्रेनिंग आणि चार दिवस प्रत्यक्ष पेशंटच्या घरी. बस्स! 2008 मध्ये राज्य सरकारने त्याचं धोरणच केलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तिथे अग्निशमन दलाच्या गाड्यांनी सुद्धा आजारी लोकांना घरपोच औषधं पोचवली. आमच्याकडे एका माणसाला ओम्नी शोधावी लागली, त्याने चौदा दिवस शाळेत काढले.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअर लागते आणि गरज असलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्के लोकांना ती मिळते. ज्यांना मिळत नाही ते काही सगळे खेड्यात राहत नाहीत. तुमच्या सोसायटीत, सातव्या मजल्यावरही असा एखादा बंद दरवाजा असेल. आत एक पेशंट आणि दोन रात्री न झोपलेलं कोणीतरी. त्यांना विचारताना अवघडू नका. ‘काही लागलं तर सांगा’ एवढंच म्हणून निघू नका, कारण कोणीच सांगत नाही. ‘शनिवारी रात्री मी बसतो, तुम्ही झोपा’ असं वार आणि वेळेसकट सांगा.

तुम्हालाही जमेल!

* महिन्यातून दोन संध्याकाळी पुरतात. पण ठरवलेली संध्याकाळ चुकवायची नाही. पेशंटकडे ‘पुढच्या वेळी’ फारसा वेळ नसतो.

* आधी ट्रेनिंग घ्या. आपल्या शहरातल्या हॉस्पिसकडे किंवा कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह विभागाकडे चौकशी करा.

* औषधाचे सल्ले देऊ नका. काढे, बाबा, यूट्यूबवरचे चमत्कार तर अजिबात नाही.

* कामं छोटी घ्या. औषधं आणून देणं, फॉर्म भरणं, हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहणं, मुलांचा अभ्यास घेणं.

* घरी असा पेशंट असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘दुखणं कमी करण्यासाठी आणखी काय करता येईल?’ मॉर्फिन नियमाने मिळतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलं तर व्यसनाची भीती बाळगायचं कारण नसतं.

* आणि भिंतीवर एक कागद लावा. मोठ्या अक्षरात. बॅटरी लागत नाही!