ईदमिलनास शालेय भेट : हेतू व पूर्वतयारी

गणेशपुरीच्या मुलांस दूरचा पाहुणा नवीन नाही. १९६१ साली समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांच्या समाधीच्या दर्शनास आणि गरम पाण्याच्या कुंडांवर देशोदेशींचे लोक येतात. कोण वहाणा बाहेर काढून मुकाट्याने बसतो आणि कोण न विचारता छायाचित्रे काढतो, हे मुले नित्य पाहतात. चांगला पाहुणा कसा असावा हे त्यांस निराळे सांगावे लागत नाही. याच मुलांस एकदा पाहुणे करून भिवंडीस, रमजान ईदनंतर भरणाऱ्या एखाद्या ईदमिलनास न्यावे.

भिवंडीविषयी खेड्यांत जे बोलले जाते त्यात १९७० व १९८४ च्या दंगलींचा उल्लेख हटकून येतो. पुढची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांची माणसे नियमाने एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. वरच्या वर्गांतील मुलांस हा इतिहास सांगण्यास हरकत नाही. दडवून ठेवलेली गोष्ट मुले निराळ्याच रूपात ऐकतात.

येथे एक मर्यादा पाळावयाची आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ अन्वये संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तथापि धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत कोठारी आयोगाने (१९६४–६६) भेद केला आहे. प्रस्तुत भेट दुसऱ्या प्रकारची होय. यास्तव मुलांनी पाहावे, ऐकावे, विचारावे. उपासनेत भाग घेण्याचा प्रश्न येत नाही. पालकांची लेखी संमती व वरिष्ठांची अनुमती आधीच घ्यावी. शिरखुर्मा, म्हणजे दूध, शेवया व खारकांची खीर, पुढे येईल. ती घ्यावी की नाही हे पालकांस पूर्वीच विचारून ठेवावे. कोणावरही आग्रह नको.

पूर्वतयारीसाठी पंचांग हे उत्तम साधन आहे. आपले महिनेही चंद्राचेच. पण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरल्याने सण आपापल्या ऋतूत राहतात. हिजरी वर्षात असा मास नाही. ते सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, आणि कधी कडक उन्हाळ्यात, कधी थंडीत पडतो. वैशाखातल्या निर्जळी रोज्याचा दिवस किती लांब, हे मुलांनीच गणित करून काढावे.

‘त्यांचे अमुक म्हणजे आपले तमुक’ अशी जुळणी शिक्षकाने आधीच करून देऊ नये. ती सोपी असते, पण मुलाचे कान तेथेच मिटतात. ईदच्या नमाजापूर्वी घरातील प्रत्येक माणसामागे फितरा का देतात, तो गरिबांस ईदपूर्वीच का पोचावा लागतो, हे यजमानांच्या तोंडूनच ऐकावे. प्रश्न वर्गात लिहून न्यावेत. ‘तुम्ही असे का नाही करीत?’ या धर्तीचे तेवढे वगळावेत.

बसचा मार्ग अंबाडीवरून आहे. परतीची वेळ आधी ठरवावी. दुसऱ्या दिवशी मुलांनी आभाराचे पत्र लिहावे आणि त्यातच यजमानांच्या मुलांस गणेशपुरीची कुंडे पाहावयास बोलवावे. कोणत्या कुंडाचे पाणी किती ऊन आहे हे तापमापकाने मोजून कळविल्यास पत्र अधिक वाचनीय होईल.