सुईणबाईंची वही

आजीची जुनी हिशेबाची वही कधी चाळलीये, मैत्रिणींनो? दुधाचे पैसे, कुणाच्या बारशाला दिलेला खण, आणि मधेच एखादी ओळ, आज मन लागलं नाही. का लागलं नाही, ते आजी लिहीत नाही.

अमेरिकेतल्या पॅटी सेशन्स या सुईणबाईंची रोजनिशी अगदी याच जातीची आहे. बाई मॉर्मन पंथाच्या. हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. या मंडळींना लिहून ठेवायची भारी हौस! पुढाऱ्यांच्या रोजनिश्या, पत्रं, सभांची इतिवृत्तं पंथाने सॉल्ट लेक सिटीत जपून ठेवलीत. एकट्या जोसेफ यांचे कागद २००८ ते २०२३ या काळात छापून निघाले, ते २७ खंड भरले. पण एका गोष्टीबद्दल या ढिगात फार थोडं सापडतं, ती म्हणजे त्यांनी गुपचूप केलेली लग्नं. ती कळतात मुख्यतः इतरांनी, त्यातही बायकांनी, लिहून ठेवलेल्या मजकुरातून.

पॅटीबाईंच्या वहीतही अशी एक नोंद आहे. ९ मार्च १८४२ रोजी जोसेफ यांच्याशी आपलं विधिपूर्वक नातं जोडलं गेलं, मुलगी सिल्व्हिया तेव्हा हजर होती. झालं, एवढंच! त्या वेळी बाईंचे यजमान डेव्हिड चांगले हयात होते, संसार चालू होता. बाईंना काय वाटलं असेल? वही गप्प. जोसेफ यांनी अनेक लग्नं केली, त्यातल्या काही बायका आधीच विवाहित होत्या, हे पंथाने स्वतः २०१४ साली जाहीरपणे मान्य केलं.

१८४४ मध्ये जमावाने जोसेफ यांना तुरुंगात ठार मारलं. पुढे १८४६ च्या फेब्रुवारीत लोक इलिनॉयमधलं नाऊवू गाव सोडून पश्चिमेकडे निघाले, आणि बाईंची रोजनिशी तिथूनच सुरू होते. वय ५१! पुढच्या वर्षी हजारभर मैलांच्या वाटेवर त्यांनी बैलगाडी स्वतः हाकली. वाटेत थंडी, आजारपणं, आणि कुठल्या तरी तंबूत कुणी तरी अडलेली. बाई उठायच्या, जायच्या, परत येऊन लिहायच्या की अमकीला मुलगा झाला, तमकीला मुलगी. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचल्यावर दोनच दिवसांनी पहिलं बाळंतपण! जन्मभरात त्यांनी चार हजारांच्या आसपास बाळंतपणं केली असं सांगतात.

एक दुखणं मात्र त्यांना लपवता आलेलं नाही. डेव्हिडनी रोझिला नावाची बायको आणली. तेव्हाच्या पंथात हा धर्मच मानला जायचा. (१८९० साली पंथाने तो अधिकृतपणे थांबवला.) पण धर्म मानला म्हणून मन थोडंच ऐकतं? १८४६ च्या पानांवर भांडणं आहेत, अबोला आहे, न लागलेली झोप आणि रडणं आहे. बाकी सगळं कोरडं लिहिणारी बाई इथे ओली होते. शेवटी रोझिला निघून गेली. खरं सांगायचं तर मला त्या रोझिलाचीही वही वाचायला आवडली असती.

१८५० मध्ये डेव्हिड वारले. पुढल्या वर्षी बाईंनी जॉन पॅरी यांच्याशी लग्न केलं आणि देवाचे आभार मानले. कशाबद्दल? आता लाकडं फोडायला कुणीतरी आहे म्हणून! वाचताना हसू आलं, मग वाटलं, साठीकडे झुकलेल्या बाईला त्या थंडीत आणखी काय हवं असणार? पण या यजमानांनीही १८५४ मध्ये दुसरी बायको केलीच.

बाई मात्र थांबल्या नाहीत. फळझाडं लावली, फळं विकली, मोजे विणले, पैशांचा हिशेब काटेकोर ठेवला. त्या साठवलेल्या पैशांतून १८८३ साली बाउंटिफुल गावात शाळा उघडली, नातवंडांसाठी आणि गरिबांच्या पोरांसाठी. वही १८८८ पर्यंत चालू होती. बाई गेल्या १८९२ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी.