मेलेल्या घोड्यांचा कायदा

माझे दाजी साखर कारखान्यात फिटर होते. त्यांच्यासह निम्म्या कारखान्याचे आयकर रिटर्न गावातला एकच माणूस भरून देई. झेरॉक्सच्या दुकानामागे एक टेबल आणि एक लॅपटॉप, एवढेच त्याचे ऑफिस. फी म्हणून तो रिफंडातला ठरलेला हिस्सा घेई. जुलैत त्याचा फोन आला की दाजी मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवत आणि त्या वर्षीचे काम संपे.

मग एके दिवशी पोस्टाने नोटीस आली. दाजींनी राजकीय पक्षाला देणगी दिल्याचे आणि मुलाच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज भरल्याचे विवरणपत्रात लिहिले होते. दाजींनी कुठल्या पक्षाला कधी दहा रुपये दिले नव्हते, आणि मुलगा शिकला तो शेत विकून. आधीच्या दोन नोटिसा ई-मेलवर गेल्या होत्या, पण पोर्टलवरचा ई-मेल दाजींचा नव्हताच. तो त्या माणसाने तयार केलेला होता आणि पुढे त्यानेही उघडलेला नव्हता. कर, व्याज आणि दंड दाजींनी भरला. नाव त्यांचे, ओटीपी त्यांचा, म्हणून जबाबदारीही त्यांचीच.

त्या दिवसांत मी दाजींच्या विवरणपत्राची प्रत बारकाईने वाचली. शेवटाकडे एक छोटी चौकट होती: विवरणपत्र ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ने तयार केले असल्यास त्याचा ओळख क्रमांक, नाव, प्रतिस्वाक्षरी. चौकट रिकामी होती. त्या माणसाचा त्या कागदावर कुठेही मागमूस नव्हता. त्या रिकाम्या जागेने मला गेली कित्येक वर्षे सोडलेले नाही.

चौकटीचा इतिहास फार जुना नाही. २००६ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम १३९ब आले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात योजना अधिसूचित झाली. पदवीधर तरुणांना प्रशिक्षण द्यायचे, परीक्षा घ्यायची, ओळख क्रमांक द्यायचा. नव्या करदात्याचे रिटर्न भरले तर पहिल्या वर्षी त्याने भरलेल्या कराच्या तीन टक्के, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक टक्का सरकारकडून मिळायचा, कमाल हजार रुपये. कल्पना चांगली होती. पण पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाने या योजनेत आलेच पाहिजे, असे कुणी म्हटले नाही. जो आला त्याने चौकट भरायची. जो आला नाही त्याने रिकामी सोडायची आणि धंदा चालू ठेवायचा.

मग नियमन आहे कुठे? सीए आणि वकील आपापल्या संस्थांना बांधील असतात, ते निराळे. आयकर कायद्यात शोधत गेलो तर १९६१ च्या कायद्यातले कलम २८८ सापडले. करदात्यातर्फे अधिकाऱ्यापुढे कोण उभे राहू शकेल, याची तिथे यादी आहे: नातेवाईक, कर्मचारी, वकील, सनदी लेखापाल, आयकर व्यवसायी वगैरे. कलमाचा सारा भर उपस्थितीवर आहे. अधिकाऱ्यासमोर खुर्चीत कोण बसणार याची काळजी घेतलेली, पण आकडे कोण लिहिणार याची नाही. दाजींचा माणूस कुठल्याच अधिकाऱ्यापुढे कधी गेला नाही. त्याला जायची गरजच पडली नाही.

हे कोडे घेऊन मी वाचत असताना अमेरिकेतला एक खटला हाती लागला. तिथे हाच प्रश्न लढला गेला होता, आणि त्याचा निकाल लागला मेलेल्या घोड्यांवरून.

अमेरिकेत निम्म्याहून अधिक वैयक्तिक विवरणपत्रे पैसे घेऊन काम करणारे लोक भरतात. त्यांतले बरेचसे ना वकील, ना लेखापाल, ना ‘एन्रोल्ड एजंट’ ही सरकारी परीक्षा पास झालेले. १९७६ च्या कायद्याने त्यांची व्याख्या केली, स्वाक्षरी सक्तीची केली, दंड ठरवले. २०११ पासून प्रत्येकाला ‘पीटिन’ हा क्रमांक घ्यावा लागतो. पण क्रमांकासाठी ज्ञानाची अट नाही. ती अट असावी, यासाठी सर्वांत चिवटपणे झगडली ती नीना ओल्सन.

या बाईंबद्दल मराठीत मी कुठे काही वाचलेले नाही, म्हणून जरा थांबतो. १९७५ ते १९९१ त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल गावी विवरणपत्रे भरून देण्याचा व्यवसाय केला. त्या काळात त्यांच्याकडे कुठलाही परवाना नव्हता. तिथे तो लागतच नसे. पुढे कायद्याची पदवी घेतली आणि १९९२ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये गरीब करदात्यांसाठी मोफत कायदेशीर मदतीची संस्था काढली. २००१ मध्ये त्या राष्ट्रीय करदाता अधिवक्ता झाल्या. करखात्यात बसून करखात्याविरुद्ध लोकांची बाजू मांडायची, असे हे पद. २००२ च्या वार्षिक अहवालात त्यांनी संसदेला सांगितले की विनापरवाना विवरणपत्रे भरणाऱ्यांची नोंदणी करा, परीक्षा घ्या. अल्प उत्पन्न असलेल्या कष्टकऱ्यांना मिळणारी मोठी करसवलत नेमकी याच लोकांच्या हातून जात होती. चूक झाली की परतफेडीचा तगादा मात्र त्या कष्टकऱ्यामागे लागे. ज्या धंद्यातून आपण आलो त्याच धंद्याला शिस्त मागणारी ही बाई मला फार मोठी वाटते.

संसदेत विधेयके आली आणि पडून राहिली. अखेर आयआरएस, म्हणजे तिथल्या करखात्याने, २०११ मध्ये स्वतःच नियम केले: परीक्षा, आणि दर वर्षी पंधरा तासांचे शिक्षण. संसदेने अधिकार दिला नसताना हे कुठल्या आधारावर? खात्याने १८८४ चा कायदा पुढे केला.

७ जुलै १८८४ चा हा कायदा म्हणजे खरे तर पुरवणी खर्चाचा. त्यात यादवी युद्धात सैनिकांचे घोडे आणि इतर मालमत्ता गेली, तिच्या भरपाईच्या दाव्यांचा विषय होता. असे दावे मिळवून देतो म्हणून एजंटांच्या झुंडी वॉशिंग्टनमध्ये गोळा झाल्या होत्या. म्हणून खर्चाच्या कलमालाच एक परंतुक जोडले गेले: अर्थखात्यापुढे दावेदारांचे प्रतिनिधित्व करणाऱ्यांना मान्यता देण्याचे नियम अर्थमंत्र्यांनी करावेत, एजंट चारित्र्यवान, लौकिकवान, पात्र आणि दावेदाराला आपले प्रकरण मांडायला मदत करण्याइतका सक्षम असावा. १८८४ मध्ये तिथे आयकरच नव्हता. आजचा आयकर १९१३ चा. तरीही हेच परंतुक शब्द थोडे बदलून आजच्या संहितेत टिकून आहे आणि ‘एन्रोल्ड एजंट’ आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेतात. हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला झेरॉक्सच्या दुकानामागचे टेबल दिसले.

नियमांना आव्हान दिले तीन छोट्या व्यावसायिकांनी. पहिले नाव सबिना लव्हिंग यांचे, म्हणून खटला ‘लव्हिंग विरुद्ध आयआरएस’. त्या शिकागोतल्या गरीब वस्तीत काम करत. दुसरे एक वृद्ध गृहस्थ विस्कॉन्सिनमध्ये घरच्या जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची विवरणपत्रे भरत. त्यांचे म्हणणे असे की परीक्षेचा आणि शिक्षणाचा खर्च मोठ्या साखळी कंपन्यांना झेपेल, आम्हाला नाही. आमची फी वाढेल नाहीतर दुकान बंद होईल. हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. आपल्याकडेही तालुक्याच्या गावी दोनतीनशे रुपयांत रिटर्न भरून देणारा प्रामाणिक माणूस असतो आणि त्याच्यावाचून अनेकांचे अडेल.

जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी नियम रद्द केले. फेब्रुवारी २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. अपिलाचा निकाल लिहिणारे ब्रेट कॅव्हनॉ पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आयआरएसच्या पाच माजी आयुक्तांनी खात्याच्या बाजूने निवेदन दिले होते, त्याचाही उपयोग झाला नाही. न्यायालयाने शब्द पकडले. विवरणपत्र भरणारा ‘प्रतिनिधी’ नव्हे, कारण तो करदात्याच्या वतीने खात्याशी बोलत नाही. विवरणपत्र म्हणजे ‘प्रकरण’ नव्हे, कारण तेव्हा वादच सुरू झालेला नसतो. आणि खात्याला हा अधिकार पूर्वीपासून असता, तर १९७६ चा वेगळा कायदा करण्याची गरजच काय होती? सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले नाही. परीक्षा पास झालेल्या हजारो लोकांच्या प्रमाणपत्रांना अर्थ उरला नाही.

निकाल मी अनेकदा वाचला. शब्दांचा अर्थ न्यायालयाने बरोबर लावला, असे माझे मत आहे. चूक संसदेची. घोड्यांच्या एजंटांना आवरायला तिला एक परंतुक सुचले; करोडो गरिबांची विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी मात्र पुढच्या सव्वाशे वर्षांत तिने ज्ञानाची एक अटही घातली नाही.

निकालानंतर दोनच महिन्यांनी सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने एक अहवाल दिला. त्याचे लोक साधे करदाते बनून साखळी दुकानांत गेले होते. १९ भेटींपैकी १७ वेळा रिफंडाचा आकडा चुकला. कुठे ५२ डॉलर कमी, कुठे ३,७१८ डॉलर जास्त. याच कार्यालयाने २००८ मध्ये राज्यांची तुलना केली होती. ओरेगनमध्ये १९७० च्या दशकापासून परवाना आणि राज्याची परीक्षा आहे, तिथली विवरणपत्रे उर्वरित देशापेक्षा अचूक निघाली. कॅलिफोर्नियात नोंदणी आणि ठरावीक तासांचे शिक्षण असले तरी राज्याची परीक्षा नाही, आणि तिथली विवरणपत्रे कमी अचूक. नुसत्या नोंदणीने भागत नाही, असे मी त्यावरून समजतो.

याचा अनुभव घरातच आला. दाजींचा मुलगा, माझा भाचा, न्यू जर्सीत असतो. त्याच्या विवरणपत्राच्या दुसऱ्या पानावर खालची चौकट पूर्ण भरलेली आहे: नाव, सही, पीटिन, पत्ता. बापाची चौकट रिकामी, मुलाची भरलेली. पण त्या सहीवाल्याने भारतातल्या बँक खात्यांबद्दल त्याला विचारलेच नव्हते. परदेशातल्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, की तिथे वेगळी माहिती द्यावी लागते. पुण्यातल्या ठेवी त्यात मोडतात. ते भाच्याला मराठी मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितले.

आपल्याकडे जीएसटीत हे बरेचसे साधले आहे. कलम ४८ आणि नियम ८३ नुसार जीएसटी व्यावसायिकाची नोंदणी होते, परीक्षा होते, तो विवरणपत्रावर स्वतःची डिजिटल सही करतो आणि गैरवर्तन केल्यास अपात्र ठरतो. व्यापाऱ्याचे रिटर्न भरणाऱ्याला जी अट घालता येते, ती फिटरचे रिटर्न भरणाऱ्याला का नाही? १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही अधिकृत प्रतिनिधीची जुनीच चौकट आहे.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी तपासण्या केल्या. खोट्या वजावटी दाखवणाऱ्या मध्यस्थांविरुद्धची ही मोहीम होती आणि तिच्यात महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने सांगितले. हे मध्यस्थ तात्पुरते ई-मेल तयार करून सोडून देतात आणि नोटिसा न वाचता पडून राहतात, हेही त्याच निवेदनात होते. दाजी एकटे नव्हते.

पैसे घेऊन विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येकाला ती चौकट भरणे सक्तीचे करावे, आणि त्याची परीक्षा स्वस्त असावी, मराठीतूनही देता यावी, एवढेच माझे मागणे आहे. ते होईपर्यंत एक काम तुमच्या हातात आहे. आयकर पोर्टल उघडा, प्रोफाइलमध्ये जा आणि तिथला ई-मेल व मोबाइल तुमचाच आहे का पाहा. दुसऱ्याचा असेल तर आजच बदला.