परळीच्या गाडीतला इतिहास

१९७९ ते ८२ ही तीन वर्षं मी सोनपेठहून परळीच्या एसटीनं कॉलेजला जायचो. इतिहासाचे आमचे सरही सोनपेठचेच. पिशवी मांडीवर घेऊन त्याच गाडीत बसायचे. वर्गात त्यांनी दिलेली टिपणं इतकी कोरडी, की पोरं पेंगायची. गाडीनं गाव सोडलं की मात्र गडी खुलायचा.

सर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकलेले. तिथं नरहर कुरुंदकर मराठी शिकवत. सरांचा विषय इतिहास, पण कुरुंदकरांच्या तासाला ते मागच्या बाकावर जाऊन बसत. ‘आपल्या परभणी जिल्ह्याचा माणूस,’ असं सर छाती काढून सांगायचे. कुरुंदकरांचं गाव ज्यात येतं तो हिंगोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. कुणी नापास झालं की कुरुंदकर इंटरला किती वेळा आपटले, ते ऐकवायचे. ‘श्रीमान योगी’ मागायला गेलो तर अट एकच : आधी कुरुंदकरांची प्रस्तावना, कादंबरी मागून.

दुसरं दैवत सेतुमाधवराव पगडी. निलंग्यात १९१० साली जन्मलेले, निजामाच्या राज्यात अधिकारी. फारसी तर यायचीच, शिवाय गोंडी आणि कोलामी. खाफीखान, भीमसेन सक्सेना ही मोगलांकडची मंडळी आम्हाला भेटली ती पगडींच्या मराठीतून. शत्रूच्या बखरनवीसानं शिवाजी महाराजांबद्दल काय लिहून ठेवलंय, ते वाचल्याशिवाय बोलू नये, हा सरांचा हट्ट. पाथरी फाट्याचा विषय निघाला की अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ पाथरीच्या ब्राह्मण घराण्यात असल्याचं इतिहासकार फिरिश्ता सांगतो, हे ठरलेलं. कंडक्टरलासुद्धा पाठ झालं होतं.

तिसरे रियासतकार सरदेसाई. बडोद्याला गायकवाडांच्या नोकरीत राहून रियासती लिहिणारे. म्हणजे सरांच्या तिघांपैकी इतिहासाचा प्राध्यापक एकही नाही! हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा विचारायला सर उरले नव्हते.

१० फेब्रुवारी १९८२. कुरुंदकर औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले; पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. त्यानंतर चारआठ दिवस गाडीत सर खिडकीबाहेर बघत बसले. आम्हीही काही विचारलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मी आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतला एक उर्दू कागद त्यांच्याकडे नेला. सरांचे वडील निजामाच्या दफ्तरात कारकून, त्यामुळे सरांना उर्दू येई. घरात आम्ही ऐकत आलो होतो, की नदीकाठचं रान पणजोबांना बक्षीस मिळालं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांशी धरला, दोनदा वाचला.

“बक्षीस कसलं? गहाणखत आहे बाळा. सोडवलं का ते बघ.”

आजोबा पुढं महिनाभर सरांशी बोलले नाहीत. कागद अजून पेटीत आहे. पाठीमागं पेन्सिलीनं सरांच्या अक्षरात मुदत आणि रक्कम.