फलाटावर झोपलेला माणूस

फौजेत असताना पुढची गाडी चुकली की आम्ही फलाटावर होल्डॉल पसरून झोपायचो. शेजारी घर नसलेला एखादा माणूस झोपलेला असे. पहाटे काठी त्याच्या तळपायावर पडायची, माझ्या नाही. माझ्या खिशात वॉरंटवर काढलेलं तिकीट होतं, एवढाच फरक.

रेल्वेच्या लेखी तिकीट हीच माणसाची ओळख. दहा रुपयांचं फलाट तिकीटही दोनच तास चालतं. रेल्वे कायदा 1989 मध्ये भीक मागण्याला मनाई आहे, आणि हद्दीतून बाहेर जायला नकार देणं हा गुन्हा आहे.

पण त्याच फलाटावर आठ वर्षांचं मूल एकटं सापडू द्या, सगळी यंत्रणा वेगळी चालते. बाल न्याय कायदा 2015 नुसार, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावंच लागतं. रेल्वे सुरक्षा दलाची 'नन्हे फरिश्ते' मोहीम याच कामाची. फौजेत याला आम्ही हँडिंग-टेकिंग म्हणतो. समोरच्याची सही होईपर्यंत जबाबदारी तुमची. म्हणजे रेल्वेला हे जमतं! वय अठराच्या पुढे गेलं की मात्र सही घ्यायला समोर कोणीच नसतं.

निवारे नाहीत असं नाही. शहरी बेघरांच्या योजनेनं एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांच्या, चोवीस तास उघड्या निवाऱ्याचा निकष घातला. पण ते काम पालिकेचं, आणि रेल्वेची हद्द गेटाशी संपते. शिपाई माणसाला गेटाबाहेर काढतो. तो थोड्या वेळानं दुसऱ्या दारानं आत येतो, नाहीतर पुढच्या स्टेशनात जातो. पोलिसाची ड्यूटी झाली, माणूस होता तिथेच.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सेप्टा या वाहतूक संस्थेनं वेगळं केलं. 2018 मध्ये तिनं सबर्बन स्टेशनच्या भुयारी भागात सुमारे 11,000 चौरस फूट जागा बेघरांच्या केंद्राला दिली. चालवते प्रोजेक्ट होम ही सामाजिक संस्था. अंघोळ, कपडे धुणं, डॉक्टर, गरम कॉफी, आणि घर मिळवण्यासाठी मदत करणारी माणसं, सगळं तिथेच. त्यानं बेघरपणा संपला नाही. पण तिथल्या पोलिसाला 'इथून ऊठ' म्हणताना 'तिकडे जा' म्हणता येतं, आणि तिकडे म्हणजे चार पावलांवर.

आपल्याकडे अमृत भारत योजनेत जुनी स्टेशनं नव्यानं उभी राहताहेत. पालिकेच्या निवारा विभागासाठी दोन खोल्या आत्ता नकाशात मागून घेता येतील. स्लॅब पडला, दुकानांचे गाळे वाटले गेले, की मग जागा कोण देणार?