प्रसंग आणि छायाचित्र

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या आत्याबाईंचें सहस्रचंद्रदर्शन झालें. सायंकाळीं अंगणांत पणत्या लावून घरच्या लेकीसुनांनीं त्यांस ओवाळिलें, आणि तो प्रसंग टिपण्याचें काम आमच्याकडे आलें. हातांत लहानसा डिजिटल कॅमेरा होता. त्याची चक्री ‘ऑटो’वर ठेवून आम्ही निश्चिंत होतों. मागाहून चित्रें पाहतों तों आत्याबाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा, आणि मागें नुसता काळोख. एकही पणती दिसेना! आज आत्याबाई नाहींत, व तें चित्र पुन्हां काढितां येणार नाहीं.

दोष यंत्राचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. त्याच चक्रीवर मनुष्य व चांदणी अशी एक खूण होती. तिच्याकडे आम्ही कधीं लक्षच दिलें नव्हतें.

ह्या खुणांस ‘सीन मोड’ म्हणतात. भिंगाचें छिद्र, पडदा उघडा राहण्याचा काळ, प्रकाशाविषयींची संवेदनशीलता, फ्लॅश व रंग ह्यांची प्रसंगानुरूप जुळणी त्यांत आधींच करून ठेविलेली असते. रात्रीच्या व्यक्तिचित्राच्या मोडमध्यें फ्लॅशनें चेहरा उजळतो, आणि पडदा अधिक वेळ उघडा राहिल्यामुळें मागील दिवेही उमटतात. मात्र फ्लॅश चमकून गेल्यावरही बसणाऱ्यानें क्षणभर हलूं नये, व कॅमेरा तिपाईवर अथवा टेबलावर टेकावा.

धांवत्या मुलांसाठीं ‘स्पोर्ट्‌स’ घ्यावा. तेथें पडदा निमिषार्धांत मिटतो. परंतु अंधाऱ्या दिवाणखान्यांत तोच घेतल्यास संवेदनशीलता वाढून चित्र रवाळ होतें. समुद्रकिनारीं ‘बीच’ व बर्फाळ प्रदेशांत ‘स्नो’ योग्य. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरील दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें धरून चालतो व शुभ्र बर्फासही करडें करून टाकतो. म्हणून हे मोड मुद्दाम अधिक प्रकाश घेतात. दिवाळीच्या आतषबाजीसाठीं निराळा मोड असतो. त्यांत पडदा कांहीं सेकंद उघडा राहत असल्यानें तिपाई हवीच. ‘पोर्ट्रेट’पासून मात्र फार अपेक्षा धरूं नये, लहान कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राहक लहान असल्यामुळें पार्श्वभूमी फारशी धूसर होत नाहीं.

आमची वाचकांस एवढीच विनंती कीं, मंगलकार्याच्या आदल्या सायंकाळीं त्याच जागीं दोनचार चित्रें काढून पाहावींत. आतां फिल्मचा खर्च नाहीं, आणि चित्र तत्काळ दिसतें. तेव्हां आळसास निमित्त उरलेलें नाहीं. ताट पुन्हां वाढतां येतें; वडीलधाऱ्यांचें औक्षण पुन्हां होईलच असें नाहीं.